वेळापत्रक कुणाच्या अक्षरात आहे?

प्रिय ताई,

घरात आम्ही पाच जण. मी आणि नवरा दोघंही नोकरी करतो. मुलगी १२ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा आणि सासूबाई ६८ च्या. त्यांचे गुडघे दुखतात. गेल्या महिन्यात नवऱ्याच्या रक्ततपासणीत साखर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह नाही, पण आता हालचाल वाढवा. त्या दिवसापासून मी सगळ्यांच्या मागे लागले आहे. पहाटे पाचला उठायचं, व्यायाम करायचा, मुलांनी सायकल चालवायची, रात्री आठच्या आत जेवायचं, असं वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. हे तिसरं. पहिलं नऊ दिवस चाललं, दुसरं पाच, हे कसंबसं चार. मग पहिले पाढे पंचावन्न. नवऱ्याच्या घड्याळात दहा हजार पावलं कधीच होत नाहीत, म्हणून तो आता घड्याळच घालत नाही. मी रात्री साडेअकराला आडवी होते, पाचला उठते आणि दिवसभर पेंगते. परवा मुलीने जेवताना ताट बाजूला सारलं आणि विचारलं, ‘आई, मी जाड आहे का?’ मला उत्तरच सुचलं नाही. मी म्हटलं, ‘गप्प जेव.’ तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. इतक्या धावपळीत लोक वेळ काढतात तरी कुठून?

ता. क. दोन वर्षांपूर्वी घेतलेली व्यायामाची सायकल बेडरूममध्ये पडून आहे. हँडलवर मुलांची दप्तरं लटकतात. विकून टाकू का?

— वेळ न सापडलेली आई

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या मुलीच्या प्रश्नावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण पत्रातली सर्वांत नाजूक गोष्ट तीच आहे. पण पत्र वाचताना माझी नजर आधी त्या फ्रिजवरच्या कागदावर अडकली. ते वेळापत्रक कुणाच्या अक्षरात आहे? तुम्ही लिहिलेलं नाही, पण तिन्ही कागद तुमच्याच अक्षरात असणार, असं मी धरून चालते. पाच माणसांचा दिवस तुम्ही आखलात, गजर तुम्ही लावलात, हाका तुम्ही मारल्यात. चार दिवसांनी सगळं बंद पडलं तेव्हा अपराधी वाटून घ्यायलाही तुम्हीच. बाकीच्या चौघांनी त्या कागदावर एक अक्षरही लिहिलेलं नाही, म्हणून तो गळून पडला तरी त्यांना त्याचं काही वाटलं नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका अशाच एकट्याने सगळ्या घराची तब्येत अंगावर घेऊन बसलेल्या असतात आणि त्यांची स्वतःची पाठ, मान, झोप यांचे मात्र हाल झालेले असतात. तुमचा निश्चय कुठेच कमी पडलेला नाही. पाच जणांचं काम एकटीच्या डोक्यावर आहे, एवढंच झालंय.

तेव्हा तो कागद काढा. आणि पहाटे पाचचा गजर बंद करा. हे मी अगदी गंभीरपणे सांगते आहे. साडेअकरा ते पाच म्हणजे साडेपाच तास झोप होते. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास लागतात. झोप अशी तुटत राहिली की भूक वाढते, गोड आणि तळलेलं खावंसं वाटतं, इन्सुलिनचं काम मंदावतं आणि माणूस चिडचिडा होतो. झोपेतला तास कापून व्यायामाला द्यायचा म्हणजे एका खिशातले पैसे काढून दुसऱ्या खिशात ठेवायचे, आणि मधे थोडे सांडायचे. मुलांचाही हिशोब बघा. ६ ते १२ वयाच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी, १३ ते १८ वयात ८ ते १० तास. तुमच्या मुलीला पाचला उठवायचं तर तिने संध्याकाळी आठलाच झोपायला हवं. तेव्हा तर तुमच्या वेळापत्रकात जेमतेम जेवण संपतंय.

आता वेळेचा प्रश्न. ‘वेळ काढायचा’ या शब्दांतच थोडी गडबड आहे. व्यायाम म्हणजे वेगळे कपडे, वेगळी जागा, वेगळा तास, असं आपल्या मनात बसलेलं असतं. तो तास मिळाला नाही की दिवस वाया गेला म्हणून आपण मोकळे होतो. पण शरीराला तो तास कळत नाही, त्याला हालचाल कळते. १९५३ साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसवर काम करणाऱ्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बस तीच, रस्ते तेच. ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर तिकिटं द्यायला शेकडो पायऱ्या वरखाली करणारे. हृदयविकाराचं प्रमाण ड्रायव्हरांमध्ये स्पष्टपणे जास्त निघालं. त्या कंडक्टरांपैकी कुणी व्यायाम करायला म्हणून पहाटे उठत नव्हतं. त्यांच्या कामातच जिना होता.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल करायला सांगते. मध्यम म्हणजे किती, हे ओळखायला यंत्र लागत नाही. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढी धाप लागली की ती मध्यम. पूर्वी एक अट होती, की एकेका वेळी किमान दहा मिनिटं तरी सलग हालचाल हवी, तरच ती धरायची. २०२० च्या शिफारशींत ती अट काढून टाकली. तीन मिनिटांचा भराभर चढलेला जिना आता हिशोबात येतो. ऑफिसमधून घरी येताना एक थांबा आधी उतरून चाललात, तेही आलं. धाकट्याच्या मागे धावलात, तेही आलं. धावपळीच्या घरासाठी मला ही गेल्या काही वर्षांतली सगळ्यांत दिलासा देणारी बातमी वाटते आणि ती पुरेशी पोचलेली नाही.

तुमच्या नवऱ्यालाही एक गोष्ट सांगा. दहा हजार पावलांचा आकडा कुठल्या डॉक्टरांच्या अभ्यासातून निघालेला नाही. १९६५ च्या सुमारास एका जपानी कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ अशा अर्थाचं ठेवलं. आकडा गोल होता, लक्षात राहिला, जगभर पसरला. पुढे २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षं वयाच्या सोळा हजारांहून अधिक अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यात दिवसाला सुमारे २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि ७५०० च्या आसपास फायदा स्थिरावला. तरुण वयात थोडी जास्त पावलं चांगली, पण सहा हजार झाली म्हणून घड्याळ काढून फेकायचं काहीच कारण नाही. त्यांना म्हणावं, घड्याळ घाला आणि आठवडाभर नुसतं बघा. जो आकडा रोजचा निघेल त्यात एक हजार मिळवा. एक हजार पावलं म्हणजे दहा मिनिटं चालणं.

ती दहा मिनिटं कुठे ठेवायची, हे मात्र मी ठामपणे सांगेन. रात्रीचं जेवण झाल्यावर लगेच. जेवणानंतर साधारण तास-दीड तासात रक्तातली साखर सर्वांत वर जाते. त्या वेळात पायाचे मोठे स्नायू कामाला लागले की ते ती साखर स्वतःकडे ओढून घेतात, आणि आकुंचन पावणारा स्नायू हे काम इन्सुलिनची फारशी वाट न बघता करू शकतो. ज्यांची साखर काठावर आहे त्यांच्यासाठी म्हणूनच जेवणानंतरचं चालणं इतकं मोलाचं असतं. पळायचं नाही, घाम गाळायचा नाही, नेहमीच्या चालीने दहा ते पंधरा मिनिटं. बाहेर अंधार असेल, पाऊस असेल तर घरातल्या घरात, मोबाइलवर बोलत बोलत, या खोलीतून त्या खोलीत.

काठावरची साखर मागे येते का, असा प्रश्न तुमच्या मनात असेलच. पत्रात विचारला नाहीत, पण त्या भीतीनेच तुम्ही सगळ्यांच्या मागे लागला आहात, असं मला वाटतं. तर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत तुमच्या नवऱ्यासारखी साखर वाढलेली, पण मधुमेह न झालेली ३२३४ माणसं होती. त्यांतल्या एका गटाला आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखी हालचाल आणि खाण्यात बदल करून ७ टक्के वजन कमी करायचं, एवढंच लक्ष्य दिलं होतं. सुमारे तीन वर्षांत, काहीच विशेष न केलेल्या गटाच्या तुलनेत, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. मधुमेहावरची गोळी दिलेल्या गटात ते ३१ टक्क्यांनी कमी झालं होतं. ७ टक्के म्हणजे ८० किलोच्या माणसाला साडेपाच-सहा किलो. हे पर्वत उचलण्यासारखं काम नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला तपासणी मात्र चुकवू देऊ नका. ती तारीख त्यांच्या स्वतःच्या फोनमध्ये, त्यांनी स्वतः टाकलेली असू दे.

वेळापत्रक चार दिवसांत बंद पडलं याचंही फार वाईट वाटून घेऊ नका. नव्याचे नऊ दिवस संपले की आपण हरलो, असं आपण धरून चालतो. लंडनच्या एका विद्यापीठात ९६ जणांवर एक अभ्यास झाला होता. प्रत्येकाने एक साधी सवय निवडली आणि ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडली. ती आपोआप व्हायला लागायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. त्यातलं मला सगळ्यांत आवडलेलं निरीक्षण असं, की मधे एखादा दिवस चुकला तर सवय जमण्यावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. तेव्हा परवा चुकलं म्हणून आज सोडून द्यायचं, हे आता घरात चालणार नाही. आणि एका वेळी एकच सवय. तुमच्या कागदावर पाच माणसांच्या मिळून पंधरा तरी असतील.

जोडायचं कशाला, हेही महत्त्वाचं. घड्याळातल्या वेळेला जोडू नका, घडणाऱ्या गोष्टीला जोडा. ‘साडेआठला चालायचं’ असं ठरवलं की ऑफिसातून यायला उशीर झाला की ते बुडालंच. ‘जेवून उठलो की चपला’ हे नऊला जेवलात तरी चालतं. शक्य असेल तर पहिले दोन महिने भांडीसुद्धा परत येईपर्यंत तशीच राहू देत. एकदा ओट्याशी उभं राहिलं की बाहेर पडणं होत नाही, हे माझ्या घरी मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

आता सासूबाई. गुडघे दुखतात म्हणून त्या बसून राहत असतील आणि बसून राहिल्याने मांड्यांची ताकद कमी होऊन गुडघे आणखी दुखत असतील. हे चक्र मी रोज बघते. वयाच्या तिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात आणि साठीनंतर ते जास्त वेगाने घटतात. गुडघ्याच्या झिजेवर व्यायाम हा आज उपचारांचा पाया मानला जातो. वेदना होतात म्हणून तो टाळायचा नसतो, वेदना सांभाळून तो वाढवायचा असतो. त्यांना एकच गोष्ट शिकवा, खुर्चीतून उठणं. हात असलेली, न सरकणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. उंची कमी वाटली तर वर एक घट्ट उशी ठेवा. त्यांनी खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकून बसायचं. पाय खांद्याइतके फाकलेले, टाचा गुडघ्यांच्या जराशा मागे. मग अंग पुढे झुकवायचं, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या रेषेत यावं, आणि टाचांवर जोर देऊन उठायचं. सुरुवातीला खुर्चीच्या हातांचा आधार घेतला तरी चालेल. खरा व्यायाम खाली बसताना होतो. धपकन बसायचं नाही, मनात एक, दोन, तीन म्हणत सावकाश टेकायचं. पाच वेळा, मग विसावा, पुन्हा पाच वेळा. त्या नंतर हलकासा ठणका राहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गेला तर ठीक. सूज आली किंवा दुखणं रेंगाळलं तर संख्या कमी करा आणि डॉक्टरांना किंवा जवळच्या फिजिओथेरपिस्टला दाखवा.

हे मोजायला धाकट्याला बसवा. सात वर्षांच्या मुलाला आजीचे आकडे मोजायचं काम दिलं की तो एक दिवस चुकू देत नाही, आणि मोजता मोजता तोही उठाबशा काढायला लागतो. पासष्टीच्या पुढच्या माणसांना तोल सांभाळण्याचा सरावही आठवड्यातून तीन दिवस तरी हवा, पडण्याची भीती त्यानेच कमी होते. ओटा धरून एका पायावर दहा सेकंद, मग दुसऱ्या. हात सोडायचा नाही. तुम्हा दोघांनाही ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोन दिवस लागतातच. नुसतं चालणं पुरत नाही. भिंतीला हात टेकून दंड, खुर्चीतून उठाबशा, पायऱ्यांवर टाचा उचलणं, पंधरा मिनिटांत होतं. तुम्हाला आणखी काही करायला सांगायचं माझ्या जिवावर येतंय. तरीही सांगते, कारण चाळिशीपुढे बायकांची हाडं आणि स्नायू दोन्ही या दोन दिवसांवर बरेच अवलंबून असतात. मात्र आधी झोप भरून काढा. व्यायामाचं महिन्याभराने बघू.

आणि आता तुमची लेक.

‘गप्प जेव’ म्हणालात, याने काही कायमचं बिघडलेलं नाही. आई दमलेली असते, प्रश्न अचानक येतो, तोंडातून काहीतरी निघून जातं. तो प्रश्न तुम्ही पुन्हा उघडू शकता, आणि उघडावा असं मला मनापासून वाटतं. समोरासमोर बसून ‘आपल्याला बोलायचंय’ असं नको. ही मुलं नजरेला नजर भिडली की बंद होतात. दोघी शेजारी शेजारी चालत असताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना बोला. म्हणा, ‘परवा तू विचारलंस तेव्हा मी नीट ऐकलं नाही. तुला असं का वाटलं? कुणी काही बोललं का?’ आणि मग थांबा. ‘छे, तू कुठे जाड आहेस!’ हे उत्तर घाईने देऊ नका. ऐकायला ते प्रेमाचं वाटतं, पण त्यातून तिला कळतं ते एवढंच, की जाड असणं ही फारच वाईट गोष्ट आहे आणि सुदैवाने आपण अजून तिथे पोचलेलो नाही. उद्या आरशात तिला वेगळं दिसलं तर ती ते तुमच्यापासून लपवेल.

तिला शरीराची खरी गोष्ट सांगा. या वयात मुलींचं वजन वाढतं, कंबर-मांड्या भरतात. वाढीसाठी ते लागतंच. कधी आधी वजन वाढतं आणि मग उंची, कधी उलट, आणि वर्गातल्या दोन मुलींचं एकाच वेळी होत नाही. १२ वर्षांच्या मुलीला वजन कमी करायच्या आहारावर ठेवायचं नसतं. डॉक्टरांना काळजी वाटली तर ते तिच्या उंची-वजनाचा आलेख बघून सांगतील, आणि तेव्हाही बदल सगळ्या घराने करायचा असतो, एकट्या तिने करायचा नसतो.

मग घरातलं बोलणं तपासा. गेल्या महिन्याभरात, नवऱ्याचा रिपोर्ट आल्यापासून, जेवणाच्या टेबलावर वजन, पोट, साखर हे शब्द किती वेळा आले? तुम्ही स्वतः आरशासमोर ‘मी किती सुटलेय’ असं म्हणालात का? बाबांना ‘एवढं खाऊ नका’ म्हटलेलं ती शेजारी बसून ऐकत होती का? मुलीला वाटतं ते आपल्यालाही लागू आहे. माझी विनंती अशी, की आजपासून त्या घरात कुणाच्याही शरीरावर कुणीही बोलायचं नाही. कौतुकानेही नाही, चेष्टेने तर नाहीच. नातेवाइकांनी शेरा मारला तर तिच्या देखत, शांतपणे सांगा, ‘आमच्याकडे अंगाबद्दल बोलत नाही.’ आई आपल्या बाजूने उभी राहिली, हे मूल विसरत नाही. वजनकाटा बैठकीच्या खोलीत असेल तर कपाटात ठेवा. नवऱ्याला वजन करायचं तर त्याने एकट्याने करावं.

मघाच्या लंडनच्या बसवाल्या अभ्यासातली एक गोष्ट तुमच्यासाठी राखून ठेवली होती. मॉरिस यांनी पुढे त्या ड्रायव्हर-कंडक्टरांच्या गणवेशाच्या कमरेची मापं काढून बघितली. त्यांना शंका होती, की कंडक्टर मुळातच सडपातळ असतील आणि म्हणून त्यांची हृदयं बरी असतील. ड्रायव्हरांच्या कमरा खरंच मोठ्या निघाल्या, पण कंडक्टर सडपातळ असो, मध्यम असो की स्थूल, हालचालीचा फायदा त्याला दिसलाच. तुमच्या मुलीने हलावं, खेळावं ते दम टिकावा म्हणून, हाडं भक्कम व्हावीत म्हणून, झोप चांगली लागावी म्हणून आणि मुख्य म्हणजे मजा यावी म्हणून. बारीक होण्यासाठी खेळायला लावलेली मुलगी बारीक झाली नाही की खेळ सोडून देते.

मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल हवी. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १४६ देशांच्या माहितीवर आधारलेल्या एका पाहणीत ११ ते १७ वयाच्या ८१ टक्के मुलामुलींची ती होत नव्हती. मुलांमध्ये हे प्रमाण ७८ टक्के होतं आणि मुलींमध्ये ८५. या वयात मुली मैदानावरून गळतात त्यामागे आळस क्वचितच असतो. पाळी सुरू झालेली असते किंवा होणार असते, कपड्यांवर डाग पडेल ही धास्ती असते, धावताना छाती हलते म्हणून संकोच वाटतो, मुलं बघतात, कुणीतरी हसतं. तिला नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा आणि अंगात न अडकणारे कपडे घेऊन द्या. शाळेतल्या खेळाच्या तासाला ती बाकावर बसते का, हे एकदा सहज विचारा. आणि तिला काय आवडतं ते तिलाच निवडू द्या. नाच, दोरीच्या उड्या, पोहणं, मैत्रिणीबरोबर सायकल, काहीही. तुमच्या मनात बॅडमिंटन असेल तर ते बाजूला ठेवा.

एका बाबतीत मात्र थांबू नका. ती जेवणं टाळायला लागली, जेवून लगेच बाथरूममध्ये जायला लागली, अन्न लपवायला लागली, झपाट्याने वजन उतरलं, सुरू झालेली पाळी बंद झाली, किंवा एक दिवस व्यायाम चुकला तर घाबरीघुबरी व्हायला लागली, तर ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देऊ नका. लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा. ताट एकदा सारणं म्हणजे आजार नव्हे, पण लक्ष असू दे.

खाण्यापिण्याबद्दल मी थोडक्यातच लिहिते, कारण तुम्ही त्यावर आधीच खूप शक्ती घालवत आहात. घरात काय यायचं, कधी वाढायचं हे मोठ्यांनी ठरवावं; त्यातलं किती खायचं हे मुलांनी. ‘अजून दोन घास’ आणि ‘आता पुरे’ दोन्ही बंद. गोड पेयं आणि पाकिटातला खाऊ रोजच्या खरेदीतून काढा, म्हणजे घरात नाही म्हणायची वेळच येत नाही. धुतलेली, कापलेली फळं समोर दिसतील अशी ठेवा. भाज्या आणि फळं मिळून माणशी दिवसाला ४०० ग्रॅम व्हायला हवीत, मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षाही कमी. नवऱ्याचं वेगळं पथ्याचं ताट करू नका. त्याला जे चांगलं, तेच सगळ्यांना चांगलं आहे, आणि तुमचा एक स्वयंपाक वाचतो.

आता तो फ्रिज रिकामा झाला असेल. येत्या सुट्टीच्या दिवशी पाचही जण बसा आणि प्रत्येकाने एक गोष्ट आपल्या अक्षरात लिहा. फक्त एक. बाबांनी जेवणानंतर सगळ्यांना बाहेर काढायचं काम घ्यावं, कारण त्यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे. मुलीने चालायचा रस्ता ठरवावा. धाकट्याने आजीचे आकडे मोजावेत. सासूबाईंनी रात्री दहाला सगळ्यांचे फोन गोळा करून बैठकीच्या खोलीत ठेवावेत. आजीपुढे कुणाचं चालत नाही. आणि तुम्ही साडेदहाला झोपायचं. तुमच्या नावासमोर एवढंच लिहा. बाबा एखाद्या रात्री विसरले तर आठवण करू नका. जीभ चावा, पण करू नका. पहिल्या आठवड्यात दोनदा राहील, तिसऱ्या आठवड्यात ते स्वतः चपला शोधतील. तुमच्या आठवणीवर चाललं तर पुन्हा ते वेळापत्रक तुमचंच होईल.

नवरा बरीच वर्षं बसून काम करत असेल तर जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारू दे. साध्या चालण्यासाठी थांबायची गरज नाही. चालताना छातीत दुखलं किंवा आवळल्यासारखं झालं, ते दुखणं हातात-जबड्यात गेलं, भोवळ आली किंवा नेहमीपेक्षा फार जास्त धाप लागली तर मात्र लगेच थांबायचं आणि वेळ न घालवता रुग्णालय गाठायचं. हे घरात मोठ्या मुलीलाही ठाऊक असू दे.

राहिली सायकल. ती बेडरूममध्ये आहे म्हणून पडून आहे. तिथे तुम्ही फक्त झोपायला जाता, तेही दमून. महिनाभर ती बैठकीच्या खोलीत आणून ठेवा, दप्तरांसाठी भिंतीला दोन हुक ठोका, आणि कुणाला काही म्हणू नका. टीव्ही बघताना कुणी बसतंय का, एवढं बघा. कुणीच बसलं नाही तर खुशाल विका. तेवढ्या जागेत धाकट्याला दोरीच्या उड्या मारता येतील.

तुमची,
ताई